जुना टाटा-मर्सिडीज ट्रक दारव्ह्याहून नागपूरच्या मेळाव्याला रस्त्याने न्यावा, की ट्रेलरवर चढवून?

वऱ्हाडी चाक (दारव्हा) :

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी १९६४ साली नोंदलेला टाटा-मर्सिडीज-बेंझ ३१२ ट्रक आहे. आजोबांनी तो नवा घेतला होता आणि हंगामात गावचा कापूस त्यातूनच दारव्हा व यवतमाळच्या जिनिंगला जात असे. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा होता. गाडी त्याच काळातील असल्यामुळे पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा अजून आहे. सागवानी केबिन आणि लाकडी हौदा मूळचाच आहे. फाळक्यांवर त्या वेळच्या पेंटरने रंगवलेली अक्षरे फिकी झाली असली तरी वाचता येतात.

बरीच वर्षे गाडी गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. यंदाच्या पावसाळ्यानंतर थोरल्या भावाने आणि मी गावच्या मिस्त्रींच्या मदतीने टाकी उतरवून धुतली, नोझल तपासून घेतले, डिझेलचे व ऑइलचे फिल्टर बदलले आणि रेडिएटर झाळून घेतला. सहा सिलिंडरचे इंजिन हीटर दिल्यावर व्यवस्थित सुरू होते, थोड्या वेळाने धूर साफ होतो आणि ऑइलचा दाबही चांगला दिसतो. शेतापर्यंत आणि फाट्यापर्यंत आम्ही ती चालवतो. ब्रेक तेलाचे असून बूस्टर आहे, आणि ते लागतात.

जानेवारीत नागपूरला जुन्या वाहनांच्या शौकिनांचा मेळावा आहे आणि आयोजकांनी आम्हाला बोलावले आहे. आमचा रस्ता दारव्हा, यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, सेलू, बुटीबोरी असा आहे, म्हणजे एका बाजूने सुमारे १९० किलोमीटर. दुसरा मार्ग कारंजा (लाड) येथून समृद्धी महामार्ग पकडण्याचा आहे. भावाचे म्हणणे असे की गाडी ट्रेलरवर न्यावी. वडिलांनी हा ट्रक तरुणपणी चालवला आहे आणि त्यांची मनापासून इच्छा आहे की तो स्वतःच्या चाकांवर नागपूरला पोचावा. मलाही तेच वाटते. गावातील मुले हौद्यात बसून येण्याचा आग्रह धरत आहेत. शिवाय मेळाव्यापूर्वी गाडीला नवा रंग द्यावा असे घरातील काही जणांचे मत आहे. अशा वयाच्या गाडीने लांबचा प्रवास ज्यांनी केला आहे, किंवा अशा गाड्यांवर काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना मिस्त्री (पुलगाव) :

भाऊ, आपण इंजिनाविषयी सविस्तर लिहिले आहे आणि ब्रेकविषयी एकच वाक्य. माझ्या मते निर्णय मात्र ब्रेकवरच व्हायला हवा. इंजिन वाटेत बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहील, फार तर ओढून न्यावी लागेल. ब्रेक गेले तर दुसऱ्याच्या जिवावर बेतेल. त्या दशकातील या ट्रकांत ब्रेकच्या तेलाची एकच व्यवस्था सगळ्या चाकांसाठी असते. आजच्या गाड्यांप्रमाणे पुढचा आणि मागचा भाग वेगळा केलेला नसतो, त्यामुळे एका चाकाच्या सिलिंडरचा रबरी कप फाटला किंवा एक होज फुटला, तर पेडल थेट तळाला जाते आणि हाती फक्त गिअर व हँडब्रेक उरतात. फाट्यापर्यंतच्या प्रवासात ब्रेक लागतात याचा अर्थ इतकाच की कमी वेगात, रिकाम्या गाडीत, गार ड्रमवर ते लागतात.

म्हणून मास्टर सिलिंडर आणि प्रत्येक चाकाचा सिलिंडर उघडून सर्व कप नवे घालावेत. सर्व रबरी होज, बाहेरून कितीही चांगले दिसत असले तरी, बदलावेत, कारण जुना होज आतून फुगून बंद होतो आणि मग पेडल सोडल्यावरही त्या चाकाचा ब्रेक धरून राहतो. लोखंडी नळ्यांवर, विशेषतः चेसिसला क्लिप केलेल्या जागी, गंज आहे का ते क्लिप काढून पाहावे. जुने तेल पूर्ण काढून टाकावे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब उतारावर ड्रम तापले की नळीत वाफ होऊन पेडल मऊ पडते. यवतमाळ पठारावर आहे आणि वर्धा त्याहून सुमारे २०० मीटर खाली, तेव्हा कळंबच्या दिशेने जाताना हा प्रश्न आपल्यासमोर येणारच. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये, ज्या गिअरने चढ चढला असता त्याच गिअरमध्ये ती उतरवावी. आपल्या गिअरबॉक्सला सिंक्रोनायझर (गिअर सहज जुळवणारी रचना) नसेल तर उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर कमी करून घ्यावा, कारण मधेच डबल क्लच (गिअर बदलताना क्लच दोनदा दाबणे) चुकला तर खालचा गिअर पुन्हा पडत नाही आणि गाडी मोकळी सुटते.

त्यानंतर टायर. आपले टायर ८.२५-२० मापाचे नायलॉनचे असावेत. त्यांच्या बाजूवरचा अंडाकृती चौकटीतील आकडा वाचावा: चार अंकी असेल तर पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, तीन अंकीच असेल तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, आणि नक्षी शिल्लक दिसली तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नये. टायर, ट्यूब आणि फ्लॅप तिन्ही एकदम नवे घ्यावेत. या चाकांच्या रिमला वेगळी लॉक रिंग असते, ती गंजलेली किंवा वाकलेली असेल तर हवा भरताना सुटून माणसाचा जीव घेऊ शकते. रिंग घासून साफ करावी, खोबणीत पूर्ण बसली आहे याची खात्री करावी, आणि हवा भरताना रिंगसमोर कोणीही उभे राहू नये. पंक्चरच्या दुकानात ही काळजी घेतली जाते असे गृहीत न धरता आपण स्वतः सांगावे. चाकांचे नट उघडताना एक पाहावे: काही जुन्या ट्रकांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, आणि ते लक्षात न घेता जोर लावला की स्टड तुटतो.

इंजिनाबद्दल दोनच गोष्टी सांगतो. बरीच वर्षे उभ्या राहिलेल्या डिझेल पंपाचा रॅक (डिझेल किती सोडायचे ते ठरवणारी दांडी) पूर्ण उघडलेल्या स्थितीत अडकू शकतो आणि मग इंजिन आपोआप वेग घेत जाते. स्टॉप केबल ओढल्यावर इंजिन लगेच बंद होते का, हे रोज तपासावे, आणि केबल तुटली तर हवेचा मार्ग झाकता येईल अशी एक लाकडी फळी केबिनमध्ये ठेवावी. आताच्या डिझेलमध्ये गंधक अगदी कमी असते, त्यामुळे जुना पंप झिजेल अशी भीती अनेकांना वाटते. परंतु वंगणक्षमता राखण्यासाठी त्या डिझेलमध्ये मिश्रके घातलेली असतात, आणि आपल्या इंजिनावर नेहमीचा लाइन पंप असेल तर त्याचा कॅम इंजिन ऑइलनेच वंगण घेतो, तेव्हा त्याची काळजी नको. खरा त्रास टाकीतील गंज आणि पाण्याचा असतो. टाकी धुतली हे चांगले केले, तरीही पहिल्या लांब प्रवासात फिल्टर पुन्हा भरतात, म्हणून दोन फिल्टर आणि एअर काढण्यासाठी लागणारे पाने सोबत असावेत.

पाटे, शॅकल, किंगपिन आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांना जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस मारावे. मागचे आणि पुढचे हब उघडून बेअरिंगमधील वाळलेले ग्रीस धुऊन नवे भरावे. रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जाण्याचे कारण नाही. दर तीसेक किलोमीटरला थांबून प्रत्येक हबला हात लावावा. सगळे हब सारखे कोमट लागले तर ठीक, एखादा हात ठेवता येणार नाही इतका तापला असेल तर तेथे ब्रेक धरला आहे किंवा बेअरिंग बिघडले आहे.

समृद्धीने मात्र जाऊ नये. तेथे मोटारींना ताशी १२० आणि मालवाहू गाड्यांना ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि त्या वेगात मागून येणाऱ्या चालकाला ४० ने जाणारा ट्रक उभ्या ट्रकासारखाच असतो. गाव, दुकान, झाडाची सावली, मिस्त्री असे काहीही जवळ नसते. कळंब-देवळीचा रस्ताही आता रुंद आणि वेगवान झाला आहे, पण तेथे दर थोड्या अंतरावर थांबायला जागा आहे.

काळी माती (वणी) :

मला थोरल्या भावाचे म्हणणे अधिक योग्य वाटते. वर मिस्त्रींनी जी कामे सांगितली ती सगळी जानेवारीपूर्वी पूर्ण होतील आणि तपासलीही जातील, याची खात्री असेल तरच रस्त्याने जावे. जानेवारी म्हणजे कापसाचा हंगाम. पहाटे धुके असते, आणि दिवसभर रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्या व मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. अशा वेळी अचानक थांबण्याची गरज वारंवार पडते.

ट्रेलर घ्यायचा झाला तर तो लो-बेड (बुटक्या तळाचा) असावा, कारण साध्या ट्रेलरवर केबिन आणि हौद्यासह उंची इतकी होते की गावातील विजेच्या तारांना अडचण येते. गाडी बांधताना साखळ्या चेसिसला किंवा अॅक्सलला बांधाव्यात, पाट्यांना किंवा बंपरला नव्हे. चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावून ते खिळ्यांनी ठोकून घ्यावेत. भाडे ठरवताना परतीचा प्रवासही लिहून घ्यावा. मेळावा संपल्यानंतर ट्रेलर न आल्यामुळे गाडी दुसऱ्याच्या अंगणात ठेवण्याची वेळ आमच्या परिचितांवर आली होती.

नियमवही (यवतमाळ) :

वरील दोन्ही उत्तरे गाडीच्या स्थितीविषयी आहेत. कागदपत्रांचा प्रश्न मात्र त्याहून अवघड आहे आणि त्याकडे सर्वांत आधी पाहावे असे मी सुचवतो. बऱ्याच जणांचा असा समज आहे की ५० वर्षांहून जुन्या कोणत्याही वाहनाला ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि मग ते मेळाव्याला नेता येते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी तरतूद आली, ती दुचाकी आणि माणसे नेणाऱ्या खासगी चारचाकी मोटारींसाठी, म्हणजे एल-१, एल-२ आणि एम-१ या श्रेणींसाठी आहे. त्यात नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांक-मालिका, आणि केवळ प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती व इंधन भरण्यासाठी रस्त्यावर येण्याची मुभा आहे. मालवाहू ट्रक या श्रेणींत बसत नाही. जुने ट्रक जपणाऱ्यांच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे आणि ती भरून निघावी असे मला मनापासून वाटते, कारण या देशाचा कापूस, धान्य आणि कोळसा ज्या वाहनांनी वाहिला त्यांनाच ऐतिहासिक वाहनांच्या यादीत जागा नाही.

तोपर्यंत आपला ट्रक कायद्याच्या दृष्टीने इतर कोणत्याही मालवाहू गाडीसारखाच आहे. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे ते नसेल तर नोंदणीच वैध मानली जात नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. जुन्या गाड्यांसाठी या तपासणीचे शुल्क बरेच वाढलेले आहे, ते आधी कार्यालयात विचारून घ्यावे. कलम ६६ प्रमाणे एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक असलेल्या मालवाहू गाडीला, ती रिकामी असली तरीही, परवाना लागतो. आपल्याला कलम ८७ खालील तात्पुरता परवाना मिळू शकतो का हे विचारावे. विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र हवेच. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट आवश्यक आहे.

आपली नोंदणी १९६४ ची असल्यामुळे ती कागदी नोंदवहीतच असण्याची शक्यता मोठी आहे. संगणकीय प्रणालीत ती आढळली नाही, तर आधी बॅकलॉग नोंद (जुनी कागदी नोंद संगणकात चढवणे) करून घ्यावी लागते आणि तोपर्यंत पुढचा एकही अर्ज भरता येत नाही. मूळ नोंदणी पुस्तक, कर भरल्याच्या पावत्या, गाडी वापरात नसल्याची सूचना त्या वेळी दिली असल्यास तिची प्रत, आणि आजोबांच्या नंतरचे वारसाचे कागद असे सर्व घेऊन कार्यालयात स्वतः जावे. थकीत कर आणि पर्यावरण कर निघाला तर त्याचा हिशेब लेखी मागावा. हे काम एका फेरीत होत नाही, म्हणून आजच सुरुवात करावी.

चालकाचा परवाना हाही वेगळा मुद्दा आहे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे. आपल्या नोंदणी पुस्तकात एकूण वजन त्याहून जास्त लिहिलेले असेल तर वरच्या वर्गाचा परवाना लागेल. वडिलांचा परवाना संपून एक वर्षाहून अधिक काळ झाला असेल तर केवळ नूतनीकरण होत नाही, पुन्हा चाचणी द्यावी लागते.

मुलांना हौद्यात बसवून नेऊ नये. मालवाहू गाडीत केबिनमध्ये नोंदणीपत्रात लिहिलेल्या संख्येइतकीच माणसे बसू शकतात. हौद्यातील माणसांना विम्याचे संरक्षण नसते, आणि लाकडी फाळक्यांच्या कड्या साठ वर्षांच्या आहेत. मुलांसाठी वेगळी जीप करावी.

जुनी अक्षरे (हिंगणघाट) :

रंगाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. कृपया नवा रंग देऊ नका. अशा मेळाव्यांत चकचकीत केलेल्या मोटारी अनेक असतात, मूळ लाकडी हौद्याचा ट्रक मात्र अगदी क्वचित येतो, कारण त्या काळी कारखान्यातून बहुतेक वेळा चेसिस आणि पुढचा भागच येत असे आणि केबिन व हौदा स्थानिक सुतार-लोहार बांधत असत. म्हणजे आपल्या गाडीचा निम्मा भाग विदर्भातल्या कारागिरांच्या हातचा आहे, आणि त्याच्यावरची अक्षरे हा त्या कामाचा एकमेव लेखी पुरावा आहे. एकदा घासून काढल्यावर ती कोणत्याही पेंटरला जशीच्या तशी परत काढता येणार नाहीत.

लाकडाची धूळ कोरड्या कापडाने पुसावी, वाळवी लागलेली जागा असेल तर तेवढ्यापुरता उपचार करावा, आणि उघड्या लाकडाला उकळलेले जवसाचे तेल पातळ हाताने लावावे. अक्षरांवर मात्र तेल लावण्यापूर्वी कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, रंग सुटतो का ते पाहावे. लाल परावर्तक पट्ट्या मागे आवश्यक आहेत, पण त्या फाळक्यावर न चिकटवता वेगळ्या पातळ पट्टीवर लावून खाली टांगाव्यात. वडिलांकडून एक माहितीही आताच लिहून घ्यावी: हौदा कोणत्या गावी बांधला, लाकूड कोठून आले, एका खेपेला किती बोजे कापूस जात असे. मेळाव्यात लोक हेच विचारतात.

वऱ्हाडी चाक (दारव्हा) :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना आणि भावाला ही सर्व उत्तरे वाचून दाखवली. वडिलांनी हब, ब्रेक आणि उताराविषयीचा भाग दोनदा वाचायला लावला आणि मिस्त्रींचे म्हणणे मान्य केले. आमचे ठरले ते असे: या आठवड्यात मूळ पुस्तक घेऊन परिवहन कार्यालयात जाणार आहोत आणि त्याच वेळी ब्रेकचे काम हाती घेणार आहोत. दोन्ही कामे डिसेंबरअखेर झाली, तर आधी हौद्यात वाळूची पोती भरून दारव्हा ते यवतमाळ आणि परत असा प्रवास करणार, आणि तो निर्धोक झाला तरच नागपूरला रस्त्याने जाणार. योग्यता प्रमाणपत्र मिळाले नाही तर ट्रेलर, त्यात वाद नाही. प्रवास दोन दिवसांत करू, वर्ध्याला नातेवाइकांकडे मुक्काम होईल, त्यामुळे अंधारात आणि धुक्यात गाडी चालवावी लागणार नाही. वडिलांचा परवाना कधीच संपलेला आहे. गाडी भाऊ चालवेल, त्याच्याकडे जड वाहनाचा वैध परवाना आहे, आणि वडील शेजारी बसतील. रंगाचा विषय घरात बंद झाला आहे.

नागपूर शहरात जड वाहनांना ठरावीक वेळी प्रवेशबंदी असते, त्याबद्दल आयोजकांना वाहतूक पोलिसांची लेखी परवानगी घेण्यास सांगितले आहे. आता एकच अडचण उरली आहे. मागच्या उजव्या चाकाचा सिलिंडर उघडून पाहिला तर आत गंजाचे बारीक खड्डे आहेत. नवा सिलिंडर दुकानदार देत नाहीत. केवळ कप बदलून चालेल का?

जुना मिस्त्री (पुलगाव) :

चालणार नाही. खड्ड्यांच्या कडेने नवा कप काही दिवसांतच कापला जाईल. सिलिंडर लेथवर बोअर करून त्यात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (आतली पातळ नळी) बसवून घ्यावी आणि आतला व्यास मूळ मापाचाच ठेवावा, म्हणजे बाजारातला कप बसेल. यवतमाळ किंवा वर्ध्याला हे काम करणारे लेथवाले मिळतील. एकाला खड्डे आहेत तर बाकीचे सिलिंडरही उघडून पाहावेत. दोन्ही बाजूंचे माप वेगळे झाले तर ब्रेक एका बाजूला ओढतो. कप घेताना जुना कप आणि व्यासाचे कॅलिपरने घेतलेले माप दोन्ही सोबत न्यावे, कारण जुना कप फुगलेला असल्याने नुसत्या नमुन्यावरून चुकीचे माप मिळते. सिलिंडर बसवल्यावर दुसऱ्या माणसाने पेडल जोरात दाबून काही मिनिटे धरून ठेवावे आणि आपण प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला कोरडा कागद लावून ओल येते का ते पाहावे. कागद कोरडा राहिला तरच वाळूची पोती भरावीत.